घेवड्याची भिक्षा आणि आपलं रोजचं ताट

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात नामस्मरण, पारायण, क्षेत्रमाहात्म्य असे लेख असतात आणि ते असायलाच हवेत. मी मात्र या वेळी स्वयंपाकघरातून लिहिते आहे. बरीच वर्षं मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर मंदिरातल्या महाप्रसादाच्या कामात हात घालते. त्या कामात एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. शंभर लोकांना आग्रहाने वाढणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी आणि कितीतरी काका घरी स्वतःच्या ताटात जवळजवळ काहीच घेत नाहीत. "आता या वयात काय खायचं?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याचं उत्तर सविस्तर लिहावं असं मनात आलं.

घेवड्याची गोष्ट पुन्हा एकदा

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची कथा आपल्याला पाठ आहे. वाडीजवळच्या अमरापुरात एक गरीब ब्राह्मण होता. कोरान्न भिक्षेवर घर चालायचं. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी दारातल्या वेलाच्या शेंगा शिजवून घरातली माणसं पोट भरायची. श्रीगुरू त्याच्या दारी भिक्षेला आले तेव्हा घरात धान्य नव्हतं, म्हणून त्या माउलीने घेवड्याच्या शेंगांचीच भिक्षा घातली. जाताना महाराजांनी वेल उपटला, घरात रडारड झाली, आणि मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ सापडला.

कीर्तनात आपण कुंभापाशी थांबतो. मी स्वयंपाक शिकवणारी, म्हणून माझं लक्ष आधी वेलाकडे जातं. धान्य नसलेल्या दिवशी त्या घराला तारलं कोणी? एका शेंगेने. घेवडा हा वालाच्या कुळातला, म्हणजे डाळी-कडधान्यांच्या मोठ्या घराण्यातला. आज आपण ज्याला श्रावणघेवडा किंवा फरसबी म्हणतो ती शेंग मूळची अमेरिका खंडातली, ती आपल्याकडे पुष्कळ नंतर आली. नृसिंह सरस्वतींचा काळ चौदाव्या-पंधराव्या शतकातला. तेव्हा कथेतला घेवडा म्हणजे आपली देशी वालपापडीच असणार. अनेक दत्तभक्तांच्या घरी आजही जयंतीच्या नैवेद्यात घेवड्याची भाजी असते, ती याच आठवणीने.

गरिबाच्या घरातलं हे अन्न आपण मोठी माणसं ताटातून हळूहळू कमी करत जातो. दात गेले म्हणून उसळ बंद होते, गॅस होतो म्हणून डाळ पातळ होते, आणि एकट्यासाठी कोण करणार म्हणून चहा-बिस्किटावर संध्याकाळ निभते.

ताटाचा हिशेब

हिशेब आकड्यांत मांडला की पटतो. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी प्रमाणं सांगितली, त्यांत प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. उतारवयात स्नायू लवकर झिजतात, म्हणून बरेच तज्ज्ञ किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास सांगतात. माझं वजन ५५ किलो. म्हणजे मला कमीत कमी ४६ ग्रॅम हवीत.

आता नेहमीचं ताट पाहू. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, १ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या ६, भाजी १, थोडा भात ३, पळीभर पातळ वरण २. रात्री ताकभात ५. दिवसभराच्या चहातलं दूध ३. बेरीज २१. गरजेच्या निम्मीसुद्धा नाही! आणि हे ताट काही उपाशी माणसाचं नाही, चांगल्या खात्यापित्या घरातलं आहे. पोट भरतं, म्हणून कमतरता कळत नाही.

मग शरीर ही तूट कुठून भरून काढतं? मांड्यांच्या, पाठीच्या, दंडांच्या स्नायूंतून. जमिनीवरून उठताना आधार लागायला लागतो. पारायणाला मांडी घालून बसणं जड जातं. वाडीच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना पाय लटपटतात. आपण म्हणतो, "वय झालं." वय तर होतंच, पण पुष्कळदा त्यात ताटाचाही वाटा असतो.

आमच्या मंडळातल्या एक काकू आहेत, वय ७४, एकट्याच राहतात. गेल्या वर्षी आरतीनंतर त्यांना उठताच येईना, दोघींनी धरून उठवलं. डॉक्टरांनी तपासलं तर रक्त कमी, बी-१२ कमी आणि वजन वर्षात सहा किलो उतरलेलं. त्यांचं जेवण विचारलं तर म्हणाल्या, "अगं, नैवेद्यापुरतं करते आणि तेच खाते." डॉक्टरांनी औषधं दिली, आणि त्यांच्याच सांगण्यावरून ताट बदललं. चार-पाच महिन्यांनी काकू स्वतःच्या हाताने जमिनीवरून उठायला लागल्या. पायऱ्या अजून कठडा धरूनच उतरतात, पण उतरतात. खाली दिलेल्या बहुतेक कृती त्यांच्यासाठी लिहून काढलेल्याच आहेत.

रात्रीची एक मूठ

माझा सगळा पाठ एका ओळीत सांगायचा तर असा: रोज रात्री देवाला नमस्कार करून निजण्याआधी एक मूठ कडधान्य भिजत घालायचं. माणशी एक मूठ म्हणजे साधारण ३० ग्रॅम. सोमवारी मूग, मंगळवारी मटकी, बुधवारी हरभरे, मग चवळी, मसूर, वाल, वाटाणे. अवधूताच्या चोवीस गुरूंमधला भुंगा फुलाफुलातून थोडं थोडं घेतो आणि एकाही फुलाला ओरबाडत नाही. आपल्या डब्यांचंही तसंच करावं. एकच एक तूरडाळ वर्षभर खाण्यापेक्षा प्रत्येकातलं थोडं घ्यावं.

धान्य आणि डाळ एकत्र का खायची, तेही समजून घ्या. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतला लायसीन हा घटक गहू-तांदळात कमी आणि डाळींत भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी असतं, ते धान्यात मिळतं. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. वरणभात, भाकरी-उसळ, थालीपीठ, पुरणपोळी या सगळ्यांत आपल्या आज्यांनी ही जोडी जमवलेलीच आहे.

भिजवलं की कडधान्यातला लोह अडवून धरणारा घटक थोडा कमी होतो, मोड आले की आणखी कमी होतो. मार्गशीर्षाच्या थंडीत मोड लवकर येत नाहीत. भिजलेली मटकी निथळून सुती फडक्यात सैल बांधायची आणि झाकण घातलेल्या कुकरमध्ये, शेगडीच्या उबेजवळ ठेवायची. साठीनंतर मोड कच्चे खाऊ नयेत, वाफवूनच खावेत. उसळीवर लिंबू पिळायचं, त्याने लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा मात्र घेऊ नका, तो लोह अडवतो. तासभर थांबा.

"पण गॅस होतो ना!" हो, होतो. म्हणून सुरुवात मुगापासून करा. भिजवलेलं पाणी टाकून नवीन पाण्यात शिजवा, बोटाने दाबल्यावर मेण व्हावं इतकं मऊ शिजवा, फोडणीत हिंग, जिरं, आलं घाला. पहिल्या आठवड्यात दोन चमचेच खा, मग वाढवा. पोटालाही सवय लागते. राजमा, पावटे, वाल कधीही अर्धे कच्चे ठेवू नका, चांगले खळखळून उकळले पाहिजेत.

करून पाहण्यासारखं

*घेवड्याची नैवेद्याची भाजी (चौघांसाठी):* पाव किलो वालपापडी शिरा काढून मोडून घ्या. मूठभर मूगडाळ तासभर भिजवा. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या. त्यावर शेंगा आणि डाळ घालून परता, झाकणावर पाणी ठेवून पंधरा-वीस मिनिटं मऊ वाफवा. मीठ, लिंबाएवढा गूळ, दोन चमचे भाजलेल्या तिळाचा कूट आणि ओलं खोबरं घाला. कांदा-लसूण लागत नाही, चव भरपूर येते.

*मुगाची धिरडी (दोघांसाठी):* छोटी वाटी हिरवे मूग रात्री भिजवा. सकाळी दोन चमचे तांदूळ (तेही भिजवलेले), आलं, जिरं, मिरची घालून वाटा. त्यात किसलेला दुधी किंवा गाजर आणि कोथिंबीर मिसळून तव्यावर पातळ धिरडी घाला. दात नसले तरी खाता येतात. माणशी दोन-तीन धिरड्यांत ९ ग्रॅम प्रथिनं सहज येतात.

*भाजणी:* ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभराडाळ १, अख्खे उडीद अर्धी, मटकी अर्धी, धणे पाव वाटी, जिरं दोन चमचे. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगवेगळा खमंग भाजा, गार करा आणि दळून आणा. महिन्याचं काम एका दुपारी होतं. थालीपीठ थापताना मेथी, पालक, कोबी, जे असेल ते घाला. वरती लोण्याऐवजी दाण्याची चटणीही छान लागते.

*मेतकूट:* हरभराडाळ १ वाटी, उडीदडाळ अर्धी, तांदूळ पाव, गहू पाव, धणे आणि जिरं एक-एक मोठा चमचा, मोहरी एक छोटा चमचा, मेथीदाणे अर्धा. सगळं वेगवेगळं भाजून दळा, त्यात हळद, हिंग, सुंठ मिसळा. रात्री स्वयंपाकाचा कंटाळा आला तर मऊ भातावर दोन भरपूर मोठे चमचे घाला. आजारी माणसाचं जेवण म्हणून याला नावं ठेवू नका, दोन चमच्यांत ४ ग्रॅम प्रथिनं आहेत.

*चारचा लाडू:* भाजून सोललेले शेंगदाणे १ वाटी, पंढरपुरी डाळं १ वाटी, भाजलेले तीळ अर्धी वाटी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, वेलची. मिक्सरमधून थांबून थांबून फिरवा, दाण्याच्या तेलानेच लाडू वळले जातात. छोटे अठरा होतात. मधुमेह असेल त्यांनी गूळ सोडून द्यावा आणि तोच कूट चिमूटभर मीठ-जिरं घालून चमच्याने खावा.

*सातूचं पीठ:* भाजलेले गहू दोन भाग, डाळं एक भाग, थोडं जिरं, दळून ठेवा. पाण्यात किंवा ताकात कालवलं की झालं. शेगडी पेटवायची गरज नाही. प्रवासाला, वारीला, दवाखान्यात बसायला उत्तम.

*नाचणीची आंबील:* दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ रात्री पाण्यात भिजवून आंबू द्या, सकाळी पाणी घालून शिजवा, मीठ आणि जिरेपूड घाला. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा मागमूसही नाही. हाडांसाठी नाचणी आणि तीळ दोन्ही घरात असावेत.

गुरुवार आणि पारायण

आता नाजूक विषय. आपल्यातल्या बहुतेकांचा गुरुवार असतो. उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी हे समीकरण कधी झालं, ते पाहण्यासारखं आहे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या भागात १९४० नंतरच्या काळात वाढले. बटाटा, मिरची, शेंगदाणा हेही अमेरिकेकडूनच आलेले. म्हणजे आपल्या पणज्यांच्या पणज्यांचा उपवास साबुदाण्याचा नव्हता. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नसतात, नुसता स्टार्च. खिचडीत जो काही जीव आहे तो दाण्याच्या कुटाचा.

म्हणून गुरुवारी वरीचा भात आणि दाण्याची दाट आमटी करा, राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ करा, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घ्या. राजगिऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि लायसीनही चांगलं असतं. भगर मात्र जपून आणा. दमट जागी पडून राहिलेल्या भगरीवर आणि तिच्या पिठावर बुरशी धरते, आणि उपवासाच्या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात त्या त्यामुळेच. बंद पाकिटातली, तारीख पाहून आणायची, निवडून दोन-तीनदा धुवायची, आणि पीठ दळून साठवायचं नाही. अवधूताचा आणखी एक गुरू म्हणजे मासा. जिभेच्या लोभाने तो गळाला लागतो. उपवासाच्या नावाखाली तळलेला वडा, चकली, वेफर्स समोर आले की मी त्या माशाला नमस्कार करते.

सप्ताहाच्या पारायणात हविष्यान्नाचा नेम असतो. दूधभात, पोळी, तूप, साखर, आणि तेही मीठ-तिखटाशिवाय. त्या नेमात मी ढवळाढवळ करणार नाही. सात दिवस दूध पुरेसं घ्या, भाताबरोबर पोळीही खा, पाणी प्या, आणि ज्यांना मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्यांनी बसण्याआधी डॉक्टरांना विचारा. पण नेम सात दिवसांचा आहे. उरलेले ३५८ दिवस ताट भरलेलं असेल तर ते सात दिवस शरीर साथ देईल.

जे ताटातून मिळत नाही

इथे खरं सांगायलाच हवं. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. मेथी, मोड, शेवगा कितीही खा. दूध-दही-ताकात ते असतं, पण उतारवयात पोटातला रस कमी झाल्यामुळे नीट शोषलं जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी कमी होऊ शकतं. हातपायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, सतत थकवा ही लक्षणं असतील तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्या. ज्यांनी दूधही सोडलं आहे त्यांनी तर लक्षणांची वाटच पाहू नये. यात व्रत मोडत नाही. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हा लेख वाचून डाळ वाढवू नये, त्यांचं माप वेगळं असतं, ते डॉक्टरच ठरवतील.

बदललेलं ताट

आता पुन्हा बेरीज करू. सकाळी मुगाची धिरडी ९. दुपारी दोन पोळ्या ६, वाटीभर मटकीची उसळ ७, दाट वरण ४, भात ३. चार वाजता एक लाडू आणि थोडे फुटाणे (दात नसतील तर सातू) मिळून ७. रात्री मऊ भात ३, त्यावर मेतकूट ४. चहातलं दूध ३. झाले ४६. बदाम-अक्रोड आणले नाहीत, जाहिरातीतली पावडर आणली नाही. सगळं कोपऱ्यावरच्या वाण्याकडचं आहे, आणि प्रत्येक वेळच्या खाण्यात थोडं थोडं वाटलेलं आहे. एकाच जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा असं वाटून घेतलेलं या वयाला मानवतं. त्याच्या जोडीला सकाळी थोडं ऊन अंगावर घ्या आणि प्रदक्षिणा चालत रहा. वापरलेला स्नायूच टिकतो.

एकट्या राहणाऱ्यांसाठी एक विनंती. महाराज काशीला स्नान करतात, कोल्हापुरी भिक्षा मागतात आणि माहूरला निद्रा करतात, असं आपण मानतो. भिक्षेची वेळ झाली की ते कोणत्या रूपात, कोणाच्या दारी उभे राहतील ते कोणी सांगावं? मग दुपारी बाराला आपल्या घरात अन्न शिजलेलं असायला नको का? एका माणसासाठी करायचं म्हणून हात आखडू नका. शेजारच्या घरात तुमच्यासारखंच कोणी एकटं असेल, तर उसळ तुम्ही करा, भाकरी त्यांनी करावी, आणि दोघी मिळून जेवा. मंडळाला माझी सूचना आहे, की गुरुवारच्या आरतीनंतर प्रसादात साखरफुटाण्यांबरोबर मूठभर वाफवलेले हरभरे किंवा मूग द्यावेत. खर्च फार नाही, आणि ज्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटलेली नसेल त्यांच्याही पोटात काहीतरी जाईल.

जयंतीच्या नैवेद्याला घेवडा आणाल तेव्हा भाजी थोडी जास्त करा आणि स्वतःच्या ताटात वाटीभर वाढून घ्या. आज रात्री मात्र निजण्यापूर्वी ती एक मूठ भिजत घालायला विसरू नका.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥